फाइल आता तुझ्या हातात: संधिवात असलेल्या मुलाला मोठ्यांच्या ओपीडीत नेताना

आमच्या घरी एक फाइल आहे. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली, कारण जूनमध्ये कणकवली स्टँडवर उतरलं की आधी हातातली पिशवी भिजते. लेक सात वर्षांची असताना तिचा उजवा गुडघा सुजला आणि ही फाइल सुरू झाली. पुढची अकरा वर्षं ती माझ्याच काखेत होती. डॉक्टर विचारायचे, मी सांगायचे. लेक स्टुलावर पाय हलवत बसायची.

ती अठराची झाली आणि बालविभागाने सांगितलं, आता मोठ्यांकडे जा. हातात दोन ओळींची चिठ्ठी. बारावीची परीक्षा, मग प्रवेशाची धावपळ, मग गणपती. गुडघा ठीक होता, दुखत काही नव्हतं, म्हणून आम्ही आठ महिने कुठेच गेलो नाही. गोळ्या जुन्या चिठ्ठीवर आणत राहिलो, त्याही मधूनमधून चुकल्या. शेवटी चष्म्याचा नंबर तपासायला गेलो तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना दिसलं की डोळ्याला आतून सूज आहे आणि बाहुलीची कड डोळ्यातल्या भिंगाला चिकटायला लागली आहे. सूज याच संधिवाताची, पण डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता. नजर वाचली, पण त्या आठ महिन्यांची किंमत तिने पुढे इंजेक्शनं घेऊन मोजली.

त्या वेळी कुणी मला नीट क्रमाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून ज्यांच्या घरी आत्ता बारा-तेरा वर्षांचं असं मूल आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका

सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला सांध्यांचा दाह म्हणजे मुलांचा संधिवात. आमच्याकडे आजी म्हणायची, "पोरांका खंय संधिवात होता?" होतो. आणि वय वाढलं की आपोआप जातो, हेही खरं नाही. काही मुलं पूर्ण बरी होतात, पण जवळजवळ निम्म्यांना मोठेपणीही कमीजास्त आजार किंवा औषधं असतातच. म्हणून अठराव्या वर्षी आजाराला निरोप द्यायचा नसतो, फक्त डॉक्टर बदलायचा असतो.

हा बदल एका दिवसाचा नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी काही वर्षांपूर्वी यावर शिफारशी केल्या. त्यांतली एक महत्त्वाची गोष्ट ही की तयारी किशोरवयाच्या सुरुवातीला, किंवा आजार उशिरा कळला असेल तर निदान झाल्या झाल्या सुरू करावी. आपल्याकडे काही रुग्णालयांत बालविभाग बाराव्या वर्षीच दार लावतो, काही ठिकाणी अठराव्या. तुमच्या ठिकाणी काय आहे, ते पुढच्याच भेटीत विचारा. "आम्हाला इथे किती वयापर्यंत बघाल?" एवढा एकच प्रश्न. मी तो कधीच विचारला नव्हता.

पहिली पायरी: तेराव्या-चौदाव्या वर्षी, घरातच

मुलाला आपल्या आजाराचं पूर्ण नाव माहीत हवं. "मला वात आहे" हे नाव नव्हे. या आजाराचे प्रकार आहेत: थोड्या सांध्यांचा, पुष्कळ सांध्यांचा, ताप आणि पुरळ घेऊन येणारा, टाच-कंबर धरणारा, सोरायसिसबरोबरचा. प्रकाराप्रमाणे पुढचं सगळं बदलतं, औषध बदलतं, डोळ्यांची तपासणी किती वेळा करायची तेही बदलतं. आपला प्रकार कोणता, रक्तात आरएफ, एएनए आणि एचएलए-बी२७ (प्रकार ओळखायला मदत करणाऱ्या चाचण्या) तपासलं होतं का आणि काय आलं, हे त्याने पाठच करावं. आपण पत्ता पाठ करून घेतो ना, तसं.

मग गोळ्यांचा डबा त्याच्या ताब्यात द्या. पहिले सहा महिने तुम्ही नुसतं बघा, आठवण करू नका. दोन वेळा चुकेल. तुमच्या डोळ्यांसमोर चुकलेलं बरं. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये चुकलं तर कळणारसुद्धा नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिली पाच मिनिटं मूल बोलेल, तुम्ही नाही. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडतात, मांडी घालून बसता येतं का, आरतीला शेवटपर्यंत उभं राहवतं का, वहीत लिहिताना मनगट कधी थांबतं, हे त्याचं त्यालाच माहीत असतं. मला ही पाच मिनिटं फार जड गेली, खोटं कशाला सांगू. तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळावं लागतं. लेक एकदा म्हणाली, "आई, तू सांगतेस तेव्हा माझा पाय दुखतो. मी सांगते तेव्हा मला राग येतो, झोप येत नाही, ते पण सांगता येतं." त्यानंतर मी गप्प बसायला शिकले.

पंधराच्या पुढे थोडा वेळ मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. बाहेरच्या बाकावर बसा. दारू, मैत्री, शरीरातले बदल, मनातली भीती हे आईसमोर निघत नाही. कोकणातल्या घरांत तर नाहीच नाही.

दुसरी पायरी: दोन पानांचा गोषवारा

संपूर्ण लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. नवे डॉक्टर अकरा वर्षांची फाइल वाचणार नाहीत, त्यांच्यासमोर साठ-सत्तर माणसं रांगेत असतात. बालविभागाच्या डॉक्टरांकडून सहीशिक्क्यासह दोन पानांचा सारांश मागून घ्या, आणि शेवटच्या भेटीत न मागता निदान सहा महिने आधी मागा. त्यात आजाराचा प्रकार आणि निदानाचं वर्ष, कोणते सांधे कधी बिघडले आणि आता कसे आहेत, आतापर्यंतची सगळी औषधं, कोणतं का बंद केलं (उलट्या, यकृताचे आकडे वाढले, की नुसता उपयोग झाला नाही), सांध्यात इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर तारीख, डोळ्यांच्या तपासणीचा इतिहास, टीबीसाठी केलेल्या चाचण्या आणि त्यांचे निकाल, लशींची यादी, एवढं हवंच. "का बंद केलं" ही ओळ सगळे विसरतात. ती नसली की नवीन डॉक्टर तेच औषध पुन्हा लिहून देतात.

अजून एक ओळ आवर्जून घालून घ्या: मान किंवा जबडा आखडलेला आहे का. उद्या कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञाला ती ओळ सर्वांत आधी लागते.

या पानांचा फोटो मुलाच्या फोनमध्ये ठेवा, एक प्रत पाकिटात. एक्स-रे आणि एमआरआयच्या मूळ फिल्म घरी ठेवा आणि सीडी मागून घ्या. आमच्याकडच्या दमट हवेत फिल्म एकमेकींना चिकटतात. मध्ये साधा कागद घालून ठेवलेल्या टिकल्या.

तिसरी पायरी: डॉक्टर कुठे शोधायचा

शोधायचा तो संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट. हाडांचे डॉक्टर वेगळे. हाड मोडलं, सांधा बदलायचा आहे, तर त्यांच्याकडे. रोजचा दाह आणि औषधं यांसाठी नाही.

कोकणात असे तज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे आपली विभागणी अशी होते. रायगड आणि उत्तर रत्नागिरीची माणसं मुंबईला जातात. रत्नागिरी, लांजा, देवरुखची काही कुटुंबं आंबा घाट चढून कोल्हापूरला. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्यातून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं. तिथे संधिवाताचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात आणि महाराष्ट्रातून येणाऱ्यांना काय नियम लागतात, ते निघण्याआधी फोनवर विचारा. ज्यांचं मूल परळच्या वाडिया रुग्णालयात जातं, त्यांना पुढे केईएमला जायचं झालं तर रस्ता तोच, आचार्य दोंदे मार्ग. फाटक तेवढं बदलतं. तुतारी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरणाऱ्यांना ही सोय मोठी आहे.

दर भेटीला एवढा प्रवास शक्य नसतो, आणि गरजही नसते. जवळ एक डॉक्टर आणि लांब एक डॉक्टर अशी जोडी जमवा. जवळचा म्हणजे तुमच्या गावचा फिजिशियन, किंवा ओरोस, रत्नागिरी, अलिबाग इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मेडिसिन विभाग. दोन-तीन महिन्यांनी रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या इथे करायच्या, अहवाल लांबच्या डॉक्टरांना पाठवायचे, त्यांच्याकडे सहा महिन्यांनी किंवा ते सांगतील तेव्हा जायचं. मात्र दोघांनाही एकमेकांबद्दल माहीत असू द्या. लपवून दोन डॉक्टर केले तर औषधं एकमेकांवर आदळतात.

चौथी पायरी: वेळ

आजार शांत असताना बदला. सांधे सुजलेले असताना, नवीन औषध नुकतंच सुरू झालेलं असताना नको. बारावीच्या वर्षी तर मुळीच नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, जूनमध्ये नवीन शहर, नवीन खोली, मेसचं जेवण, आणि त्यातच नवा डॉक्टर, असं सगळं एकदम आलं की मूल सर्वांत आधी औषध सोडतं. शक्य असेल तर अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत पहिली ओळखभेट उरकून घ्या, किंवा कॉलेज लागून सहा महिने झाल्यावर बदला. मूल मुंबई-पुण्यात शिकायला जाणार हे नक्की असेल, तर नवा डॉक्टर तिथलाच धरा.

पाचवी पायरी: पहिली भेट

मोठ्यांच्या ओपीडीत भिंतीवर चित्रं नसतात. बाजूला साठीच्या आजी, वाकडी झालेली बोटं, काठ्या. माझी लेक ती बोटं बघून घरी येईपर्यंत बोलली नाही. तिला वाटलं, आपलंही हेच होणार. हे आधीच सांगून ठेवा: त्या आजींच्या तरुणपणी आजची औषधं नव्हती.

आजाराचं नाव बदलण्याची शक्यता असते. टाच-कंबर धरणाऱ्या प्रकाराला मोठ्यांचे डॉक्टर स्पाँडिलोआर्थ्रायटिस म्हणतील, तापाच्या प्रकाराला स्टिल्स डिसीज. नवा आजार झालेला नसतो, फक्त मोठ्यांच्या वहीतलं नाव वेगळं असतं.

आता हे तुझ्यासाठी, जिचा किंवा ज्याचा हा आजार आहे. आत आधी तू जा. बोलायला चार मिनिटं मिळतील असं धरून तीन प्रश्न कागदावर लिहून ने, सर्वांत महत्त्वाचा वर. गोषवारा टेबलावर ठेव. "मला कळलं नाही, परत सांगा" हे म्हणायला लाजू नकोस. निघताना दोन गोष्टी विचार: मध्येच सांधे सुजले तर फोन कुणाला करायचा, आणि पुढची तारीख कधी. अठरा पूर्ण झाल्यावर उपचाराला संमती तूच द्यायची असते, सही तुझी चालते. आईला आत बोलवायचं की नाही, हेही तूच ठरव.

औषधं: इथे घाई करू नका

मेथोट्रेक्सेट, म्हणजे या आजारात दाह दाबायला नेहमी देतात ते औषध, आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं, आणि अशा चुका डॉक्टर, दुकान किंवा घर बदलतानाच होतात. वार ठरवा, आमचा रविवार. चिठ्ठीवर "आठवड्यातून एकदा" आणि वाराचं नाव अक्षरात लिहून घ्या. गोळी अडीच मिलिग्रॅमची येते, तशी दहाचीही येते, म्हणून "सहा गोळ्या" असं लक्षात न ठेवता मिलिग्रॅम लक्षात ठेवा. बरोबरचं फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या वारी.

सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम या नावाने मिळणारं अँटिबायोटिक मेथोट्रेक्सेटबरोबर धोक्याचं आहे, रक्तातल्या पेशी एकदम उतरतात. गावातल्या दवाखान्यात लघवीच्या जळजळीला किंवा जुलाबाला ते लिहून दिलं जाऊ शकतं. कुठल्याही डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच असावं: "मी मेथोट्रेक्सेट घेते."

स्टेरॉइड चालू असेल तर एका दिवसात थांबवायचं नाही. आणि पुडीतली, नाव नसलेली "वातावरची हमखास" पावडर नको. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. म्हणूनच ती दोन दिवसांत गुण देते.

दाह दाबणारी ॲडॅलिम्युमॅबसारखी इंजेक्शनं २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असतात. गोठली तर वाया गेली. म्हणून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको आणि दारातही नको. पावसाळ्यात आमच्याकडे एखादं झाड तारांवर पडलं की दोन-दोन दिवस वीज नसते. आम्ही थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या चार जेल पिशव्या कायम तयार ठेवतो. पिशवी आणि इंजेक्शन यांच्यामध्ये टॉवेलची घडी घालायची, थेट टेकवायचं नाही. गाडीने नेतानाही हेच. फ्रीजबाहेर किती दिवस चालतं हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, ते डब्यातल्या कागदावर असतं.

ताप आला तर

कोकणात हा भाग वेगळा लिहायलाच हवा. भात लावणीच्या दिवसांत लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप), पावसात डेंग्यू, चिकुनगुनिया, आणि दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून माकडताप. दाह दाबणारी औषधं घेणाऱ्याचा ताप "हवापालट" म्हणून काढायचा नाही. ताप आल्या दिवशी डॉक्टर गाठा, आणि त्या आठवड्याचं मेथोट्रेक्सेट किंवा इंजेक्शन घ्यायचं की थांबवायचं ते फोनवर विचारून घ्या. चिकुनगुनियात सांधे इतके धरतात की जुना आजार उसळला असं वाटतं. तपासल्याशिवाय स्टेरॉइड वाढवून घेऊ नका.

शेतात उतरायचंच असेल तर पायाला जखम नको आणि गमबूट हवेत. आरोग्य खातं लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन वाटतं, ते घेण्याआधी आपली औषधं त्यांना सांगा. वर्षातून एकदा फ्लूची लस घेता येते. गोवर-रुबेला, कांजिण्या अशा जिवंत विषाणूंच्या लशी मात्र विचारल्याशिवाय नाहीत.

डोळे

एएनए असलेल्या, थोड्या सांध्यांच्या प्रकारात डोळ्याची सूज काहीही न कळता येते. स्लिट लँपवर (डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासणी, तज्ज्ञ सांगतील तितक्या अंतराने. मोठ्यांचे डॉक्टर कधी कधी याची आठवण करत नाहीत, कारण त्यांच्या नेहमीच्या रुग्णांत हा त्रास असा मुकाट येत नाही. ती आठवण तुमच्या कॅलेंडरवर हवी. आमच्या कालनिर्णयवर आता लाल गोल आहेत.

स्थळ आणि मूलबाळ

मुलगी एकोणीस-वीसची झाली की घरात कुजबुज सुरू होते: सांगायचं की लपवायचं? माझं मत स्पष्ट आहे, लपवायचं नाही. दर रविवारची गोळी सासरी लपवणारी मुलगी एक दिवस ती घेणं सोडते. या आजारातही लग्न होतं, मुलं होतात. फक्त मेथोट्रेक्सेटवर असताना गर्भ राहता कामा नये, बाळाला व्यंग होऊ शकतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते साधारण तीन महिने आधी बंद करून गरोदरपणात चालणाऱ्या औषधांवर जायचं असतं. लेफ्लुनोमाइड हे औषध चालू असेल तर तयारीला त्याहून जास्त वेळ लागतो. तोवर गर्भनिरोधक वापरायचं. हे मुलीला अठराच्या आधी कळायला हवं, लग्न ठरल्यावर नव्हे. मुलांनीही बाप व्हायचं ठरवताना आपली औषधं डॉक्टरांना दाखवावीत. आणि शिमग्याला मित्रांबरोबर "एवढीशीच" दारू: मेथोट्रेक्सेट आधीच यकृतावर भार टाकतं, त्यात ती भर नको.

कागदपत्रं

सांध्यांमुळे हालचालीवर कायमचा परिणाम असेल, तर जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सरकारी उच्च शिक्षण संस्थांत आणि सरकारी नोकरीत आरक्षण आहे, आणि लिहायला अडचण असेल तर परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. ४० पेक्षा कमी पण लिहायला अडचण असलेल्यांसाठीही २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. मनगट धरलेल्या मुलांनी आत्ताचे नियम काय आहेत ते विचारावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपल्या उपचारातलं काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. आईवडिलांच्या विम्यात मूल किती वयापर्यंत धरतात, तेही आत्ताच बघून ठेवा. नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात.

मधला काळ

नव्या डॉक्टरांची दुसरी भेट होईपर्यंत जुन्या डॉक्टरांचा हात सोडू नका. पहिल्या भेटीत सगळं जमलेलं नसतं: कधी नवी ओपीडी लांब वाटते, कधी मुलाला डॉक्टर पटत नाहीत, कधी तारीखच हुकते. बालविभागाला आधीच सांगून ठेवा की "दुसरी भेट झाली की कळवतो", आणि खरंच कळवा. शेवटच्या भेटीत किमान तीन महिन्यांची चिठ्ठी मागून घ्या. गोळ्यांची शेवटची पट्टी उघडली की त्याच दिवशी मुलानेच फोन करायचा, आईने नाही. आमच्याकडे आता तो फोन लेक करते. परवा तुतारीला बसताना फाइल तिने स्वतःच्या सॅकमध्ये घातली, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांसकट.